मेडिकलमधलं निकोटिन गम: मशेरी, तंबाखू, बिडी सोडायला कितपत कामाचं?

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही मोठ्या बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये आता निकोटिन गम मिळतं. "तंबाखू सोडायचीय, काय आहे का?" असं विचारलं की दुकानदार एक पट्टी पुढे सरकवतो, पैसे घेतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. कसं चघळायचं, दिवसाला किती, कशाबरोबर नाही, हे सांगायला बहुतेक दुकानांत कोणाला वेळ नसतो. घेणारा माणूस ते साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावतो. घशाशी जळजळ होते, उचक्या लागतात आणि तलफ होती तिथेच राहते. आठवड्याभरात तो परत टपरीवर, आणि वाडीत निरोप पोचतो की त्या गोळीत काय दम नाय.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यासाठी हे चांगलं औषध आहे, पाचपैकी चार गुण द्यावेत असं. चघळायच्या तंबाखूसाठी आणि मशेरीसाठी नुसत्या गमला आम्ही अडीच देऊ. सोबत समुपदेशन आणि दातांचा इलाज असेल तर साडेतीन. हा फरक मनाने केलेला नाही. धूम्रपान सोडण्यासाठी निकोटिनची औषधं किती उपयोगी पडतात याचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा २०१८ चा आढावा १३३ अभ्यासांवर आधारलेला आहे, आणि त्यात सोडण्याची शक्यता सुमारे दीडपट होते असं दिसलं. चघळायच्या तंबाखूबाबत कॉक्रेनचा २०१५ चा आढावा मात्र वेगळं सांगतो. तिथे गम आणि अंगाला चिकटवायच्या निकोटिन पट्टीचा ठोस फायदा दिसला नाही. विरघळणाऱ्या गोळीचा, म्हणजे लॉझेंजचा, थोडा दिसला. व्हॅरेनिक्लिन या चिठ्ठीवरच्या औषधाचा दिसला, आणि माणसाने माणसाशी नीट बोलून दिलेल्या आधाराचाही दिसला. कोकणात बिडीपेक्षा मशेरी आणि तंबाखू जास्त, म्हणून पाकिटावरचा दावा इथे जसाच्या तसा धरू नये.

तरीही गम टाकाऊ नाही. गममध्ये निकोटिन असतं, तंबाखू नसते. सवय लावतं ते निकोटिन, पण कॅन्सरला मुख्यतः कारण होतात ती तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं, जी पान वाळवताना, मुरवताना आणि साठवताना तयार होतात. मशेरीत त्यावर आणखी भर पडते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली की जळण्यातून बेंझोपायरिनसारखी रसायनं तयार होतात. "भाजल्यावर त्यातलं विष जळून जातं" हा समज घरोघरी आहे आणि तो साफ उलटा आहे. गम तलफेपुरतं निकोटिन देतं आणि गालाला, हिरडीला ही बाकीची रसायनं लागू देत नाही. बारा आठवड्यांनी तेही बंद करायचं असतं.

आता वापराकडे. इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

तंबाखूत चुना का मळतात? चवीसाठी नाही. चुना आम्लारीधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट असतो, आणि आम्लारी वातावरणात निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून पटकन रक्तात शिरतं. तोंडात आंबटपणा असेल तर तेच निकोटिन विद्युतभारित होतं आणि अस्तराबाहेरच अडकतं. गम बनवणाऱ्यांनीही हेच तत्त्व वापरलंय. चुन्याऐवजी त्यात सोडियम कार्बोनेटसारखा सौम्य क्षार घातलेला असतो. त्यामुळे तोंडात काही आंबट असेल तर गम निकामी होतं. परदेशी पत्रकावर इशारा असतो कॉफीचा आणि फळांच्या रसाचा. आपल्याकडे वाचायचं ते असं: सोलकढी, कोकम सरबत, आमसुलाचं सार, लिंबू सरबत, ताक, सोडा, चहा. कैरी आणि करवंदंसुद्धा. जेवणावर वाटीभर सोलकढी पिऊन लगेच गम तोंडात टाकलं तर ते फुकट गेलं. जेवणानंतरची तलफ सर्वात जोरदार असते आणि नेमकं त्याच वेळी तोंड आंबट असतं, म्हणून इथे बरेच जण फसतात. उपाय सोपा आहे. जेवण झालं की साध्या पाण्याने दोनदा खळखळून चूळ भरा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग गम. ही पंधरा मिनिटं कठीण वाटतात, तेव्हा थोडी भाजलेली बडीशेप चालेल. गम तोंडात असतानाही पाण्याखेरीज काही प्यायचं नाही.

चघळण्याची पद्धत अशी. गोळी तोंडात टाकून सावकाश चावा, दहा-पंधरा वेळा. तिखटसर चव आली किंवा जिभेवर चुणचुण जाणवली की चावणं थांबवा. गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, तंबाखूचा बार ठेवतात तशी. चुणचुण ओसरली की पुन्हा थोडं चावा, आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवा. असं करत साधारण अर्धा तास. नंतर चावलं तरी चव येत नाही, म्हणजे गोळी संपली. ज्याला बार धरायची सवय आहे त्याला हे चटकन जमतं. फक्त पिंक टाकायची नाही आणि गटकन गिळायचंही नाही. भरभर चावलं तर निकोटिन एकदम सुटतं, लाळेबरोबर पोटात जातं, तिथे जळजळ आणि उचकी करतं, आणि रक्तात पोचण्याआधी त्याचा बराचसा भाग यकृतात नष्ट होतो. म्हणजे त्रास पूर्ण आणि फायदा निम्मासुद्धा नाही.

तंबाखू जशी मिनिटा-दोन मिनिटांत "लागते" तसं गम लागत नाही. रक्तातलं प्रमाण वर यायला वीस-तीस मिनिटं जातात. म्हणून तलफ डोक्यात गेल्यावर गम शोधू नका. घड्याळ बघून, तलफ यायच्या आधी घ्या. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान ९. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी. दहाव्या ते बाराव्यात दर चार ते आठ तासांनी. चोवीस तासांत २४ च्या वर जायचं नाही. तीन-चार गोळ्या घेऊन "बघितलं" म्हणणाऱ्याने खरं तर काहीच बघितलेलं नसतं. खर्चाचा अंदाज घ्यायचा तर पट्टीवरची छापील किंमत भागिले गोळ्या, गुणिले ९. हा आकडा तंबाखूच्या पुडीपेक्षा नक्की मोठा येईल. हातावर पोट असलेल्या घरात हा मोठाच अडथळा आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं. मेडिकलमध्ये महिन्याचा साठा घेण्याआधी तिथे मोफत औषध आहे का हे जरूर विचारा.

२ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम असे दोन प्रकार. २ ची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कोणाला कुठली, याचा सर्वात भरवशाचा प्रश्न एकच: सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली बिडी, पहिला बार, पहिली मशेरी किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर २ मिलिग्रॅम बहुधा कमी पडेल. कोकणात मशेरी लावणाऱ्या बाईचा दिवस बिछान्यातून उठून थेट मशेरीच्या डबीनेच सुरू होतो, त्यामुळे ती याच गटात येते. दुकानदार तिच्या हातावर २ ची पट्टी ठेवतो आणि ती चार दिवसांत नाद सोडते. तिने आधी डॉक्टरांना दाखवून ताकद ठरवावी. हृदयविकाराचा झटका नुकता येऊन गेला असेल, ठोके अनियमित असतील, पोटात व्रण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आपल्या मनाने अजिबात घेऊ नये. पण म्हणून मशेरी चालू ठेवणंही बरं नव्हे. मुंबईतल्या बाराशेहून अधिक गरोदर बायकांवरचा जो अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती, आणि त्यातल्या बहुतेक जणी मशेरीच लावणाऱ्या होत्या.

चवी पुदिना, पान, दालचिनी अशा येतात. पानाच्या चवीबद्दल आमची नाराजी आहे. विडा-गुटख्यातून सुटणाऱ्याच्या जिभेवर तीच आठवण ठेवायची हे आम्हाला पटत नाही. पुदिना घ्या. गोळी बिनसाखरेची आहे ना, तेही बघा. कवळी असेल तर गम तिला चिकटून ती उचलतं, अशांना लॉझेंज बरी. पावसाळ्यातल्या दमट हवेत गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका. होडीवर जाणाऱ्यांनी पट्टी प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घालून सावलीत ठेवावी, उन्हात गोळी मऊ होऊन कागदाला चिकटते. चघळून झालेल्या गोळीतही निकोटिन उरलेलं असतं. ती कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाका. अंगणात थुंकलेली गोळी लहान मुलाच्या हाती लागली तर ते विषबाधेचं निमित्त होतं.

सुरुवात कधी करायची यालाही अर्थ आहे. बोटीवर रात्र जागून काढायची असते, जाळं ओढेपर्यंत तासन्‌तास रिकामे असतात, आणि तंबाखूची डबी तिथे हातोहात फिरते. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. खलाशाने पहिला दिवस जूनच्या सुरुवातीला धरला तर सर्वात कठीण पहिले तीन-चार आठवडे जमिनीवर, घरच्यांच्या नजरेखाली जातात. भातलावणीला जाणाऱ्या बाईचं गणित नेमकं उलटं. लावणीत कंबर मोडते आणि दर विसाव्याला मशेरी निघते. तिने लावणीच्या तोंडावर सुरू करू नये, एप्रिलमध्येच करावी किंवा लावणी आटपल्यावर. दिवस ठरला की डबी, पुडी, चुना, तवा-भाजणी सगळं त्या दिवशी बाहेर. एकीकडे गम आणि एकीकडे "फक्त सकाळची एक" असं चाललं तर महिन्याने दोन्ही चालू राहतात.

मशेरीचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे आणि त्यावर गमच्या पाकिटात एक अक्षर नाही. कोकणातली बाई मशेरी चैनीसाठी लावत नाही. ती सांगते, त्याशिवाय पोट साफ होत नाही. किंवा दाढ ठणकते, मशेरी लावली की बरं वाटतं. या दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. निकोटिन आतड्याला चालना देतं, त्यामुळे सोडल्यावर पहिले काही आठवडे बद्धकोष्ठ होतो, हे निकोटिन सुटण्याचं ओळखीचं लक्षण आहे. त्याची तयारी आधी करायची. उठल्याउठल्या दोन पेले कोमट पाणी, नाचणीची भाकरी, पालेभाजी, पिकलेलं केळं, आणि लागलंच तर रात्री चमचाभर इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. इसबगोल कमी पाण्यात घेतलं तर उलट आवळतं. दाढेचं म्हणाल तर मशेरी कीड मारत नाही, हिरडी बधिर करते आणि आत कीड चालूच राहते. सोडल्यावर दोन-तीन दिवसांत तीच दाढ बोंबलायला लागते आणि बाई परत डबीकडे वळते. म्हणून मशेरी सोडायची असेल तर पहिलं पाऊल दातांच्या डॉक्टरकडे. किडलेली दाढ भरून किंवा काढून घ्या, दात साफ करून घ्या, मग सोडायचा दिवस धरा. हा क्रम पाळला तर गमचं काम निम्मं हलकं होतं. टोकदार तुटका दात आणि सैल कवळी गालाला सारखी घासत असेल तर तेही याच वेळी सरळ करून घ्यावं.

मग बाजारात "तंबाखूविरहित मशेरी" म्हणून मिळणाऱ्या काळ्या पावडरी घ्याव्यात का? आम्ही नको म्हणू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण सुट्या पुडीतल्या पावडरीवर धड लेबलही नसतं. जिने कधी तंबाखू लावली नाही अशा बाईला ती पावडर लावून भोवळ किंवा मळमळ आली तर त्यात तंबाखू आहे असं समजावं. मुद्दाम लावून बघायला मात्र जाऊ नका. तंबाखू नसली तरी कोळशाची आणि गेरूची भरड पावडर बोटाने रोज घासली की दातांचं कवच झिजतं. त्यापेक्षा मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट. बोटाला काहीतरी हवंच असेल तर पेस्ट बोटावर घेऊन हिरड्यांना हलका मसाज करा, तो चालतो.

दुसरा पर्याय सुपारीचा, आणि तो धोक्याचा आहे. तंबाखू सोडली म्हणून खिशात सुपारीची पुडी ठेवणारे खूप दिसतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे इथल्या वाडीचं वैभव, तिच्यावर कित्येक घरं चालतात, हे सगळं मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्येच सुपारीला, त्यात तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सुपारीतल्या अ‍ॅरेकोलिनमुळे गालाच्या आत तंतू साचतात, गाल कडक होतो, तिखट झोंबतं, आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. हा तंतूंचा आजार सुपारी सोडल्यावर थांबू शकतो, पण गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही, आणि त्यातल्या काहींमध्ये पुढे कॅन्सर होतो. निकोटिन गम सुपारीच्या सवयीवर चालत नाही, कारण सुपारीत निकोटिनच नाही. ज्याचं तोंड आधीच कमी उघडतं त्याला गम चघळताना जबडा दुखतो. घरी तपासायचं तर स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालून बघा. तिन्ही शिरली नाहीत तर गमचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. मुलांच्या हातातल्या गोड सुपारीलाही हे सगळं लागू आहे. पूजेत ठेवायची सुपारी पूजेतच राहू द्या.

अंगाला चिकटवायची निकोटिन पट्टी ज्याला चघळणं जमत नाही त्याला बरी, पण कोकणातल्या घामात तिची कड सुटते. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून, केस नसलेल्या जागी, दंडावर किंवा पाठीवर, दहा सेकंद तळहाताने दाबून लावा. जागा रोज बदला, नाहीतर कातडी लाल होते. समुद्रात उतरणाऱ्याला ती टिकणार नाही. लॉझेंज चावायची नाही, गालात ठेवून वीस-तीस मिनिटांत विरघळू द्यायची. आंबटाचा नियम तिलाही तोच. तंबाखू-मशेरीवाल्यांना गमपेक्षा आम्ही आधी लॉझेंज सुचवू. ई-सिगारेटची देशात २०१९ पासून बंदी आहे, तो रस्ता धरायचाच नाही.

आणि दारू. माडी असो, काजूची असो की बाटलीतली, दारू स्वतःच तोंडाच्या कॅन्सरचं कारण आहे. तंबाखूच्या जोडीला ती आली की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटीने वाढतो. शिवाय सोडलेली तंबाखू परत तोंडात येते ती बहुधा शिमग्याला, पाहुण्यांत, दोन पेल्यांनंतरच. पहिले तीन महिने तिथे बसणंच टाळावं.

गम कितीही नीट घेतलं तरी तोंडात आधीच उमटलेला चट्टा त्याला दिसत नाही. म्हणून गमच्या पट्टीबरोबर तोंडाची तपासणी धरायलाच हवी. ही सेवा आपल्या दारात आहे. तीस वर्षांवरच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी प्राथमिक तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, पाच वर्षांतून एकदा. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. साध्या टॉर्चने तोंड बघून जीव वाचतात का, असं विचारणाऱ्यांसाठी: केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉक्टरांनी नव्हे तर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं नुसत्या नजरेने तपासली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. हे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये २००५ साली आले. मात्र तंबाखूवाल्याला पाच वर्षांतून एकदा ही तपासणी पुरेशी नाही. त्याने वर्षातून एकदा तरी दाखवावं.

सेवा नीट मिळाली की नाही, हे ओळखायला एवढं बघा. कवळी काढायला लावली का? ओठ उलटून बघितला का? दोन्ही गाल आरशाने ताणून अगदी मागपर्यंत उजेड टाकला का? जिभेचं टोक कापसाच्या पट्टीने धरून ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढली का, आणि वर उचलून खालची जागा बघितली का? टाळू? शेवटी मानेवर, जबड्याखाली बोटांनी गाठी चाचपल्या का? पाच-सात मिनिटांचं हे काम आहे. "आ करा" म्हणून अर्ध्या मिनिटात सही झाली असेल तर तपासणी झाली नाही, पुन्हा करायला सांगा. संकोच करू नका. जिभेची कड आणि जिभेखालची जागा या दोनच ठिकाणी बरंच काही लपतं.

महिन्यातून एकदा घरीही बघायचं, खिडकीशी आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन, याच क्रमाने. बार किंवा मशेरी ज्या बाजूला धरायची सवय होती तिथे जास्त वेळ द्या. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, हाताला कडक लागणारी जागा, कारणाशिवाय हललेला दात, मानेतली गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यांपैकी काहीही दिसलं तर थांबायचं नाही. लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त वाईट. आणि दुखत नाही म्हणून काही नाही, असं कधीही धरू नका, सुरुवातीला ते दुखतच नाही. तंबाखू बंद केल्यावर बऱ्याच जणांचे पांढरे चट्टे काही आठवड्यांत फिके होतात. जे होत नाहीत त्यांची बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, लागते. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे खरं नाही. शिबिरांत निळ्या दिव्याची यंत्रं किंवा निळ्या रंगाची गुळणी दाखवून "रिपोर्ट" देतात, त्यावर निर्णय घेऊ नका. निदान तुकड्याच्या तपासणीनेच होतं. पुढच्या इलाजासाठी चिपळूण तालुक्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालय, परळचं टाटा, आणि सिंधुदुर्गवाल्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, हे रस्ते आहेत.

समुपदेशनासाठी तंबाखूच्या पुडीवरच छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे. फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: दिवसाला किती पुड्या किंवा किती वेळा मशेरी, उठल्यापासून पहिली किती मिनिटांनी, आणि याआधी सोडली होती तेव्हा परत कशाने सुरू झाली. परत सुरू होण्याची बहुतेक प्रकरणं पहिल्या आठवड्यातच घडतात. त्यामुळे पहिला फोन सोडायच्या दिवसाआधी करा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा एक. तलफेची एक लाट साधारण पाच-दहा मिनिटं टिकते. त्या वेळात चूळ भरून अंगणात चालायला लागा, गमची पुढची वेळ झाली असेल तर गोळी गालात ठेवा. एखादा दिवस घसरला आणि बार भरला गेला तर गम बंद करायचं नाही, बार थुंकायचा, चूळ भरायची आणि पुढची गोळी ठरल्या वेळी घ्यायची. बाराव्या आठवड्यानंतरही दिवसाला दोन-तीन गोळ्यांशिवाय चालत नसेल तर आपल्या मनाने वर्षभर ओढू नका. डॉक्टरांना सांगा, ते हळूहळू उतरवून देतील. त्याच भेटीत तोंडही दाखवून घ्या.